भारूड की चित्रकथा?
मराठवाड्यातील एखाद्या साहित्य महोत्सवात लेखनाला दुसऱ्या कलेची जोड देणारे एकच सत्र ठेवता येणार असेल, तर भारूडाचा प्रयोग आणि चित्रकथेची कार्यशाळा यांतून निवड करावी लागेल. पैठणच्या एकनाथांची भारुडे छापील पानावर अर्धीच कळतात, कारण विंचू, जोशी, गोंधळी अशा रूपकांचा खरा उलगडा सोंग, टाळ-मृदंग आणि प्रेक्षकांशी चालणाऱ्या हजरजबाबी संवादातून होत जातो. शिवाय त्यांना गर्दी लागते आणि ती जमतेही. कार्यशाळेला मात्र मोजकीच माणसे मानवतात. चित्रकथेचा वारसाही इथे परका नाही. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातक ही बुद्धाच्या पूर्वजन्माची कथा भिंतीवर प्रसंगाप्रसंगाने उलगडते, आणि अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी तर पासोडीच्या कापडावरच ग्रंथरचना केली (तिथल्या आकृत्या आजच्या चित्रकाराने अवश्य पाहाव्यात). खर्च चित्रकथेचा कमी. संध्याकाळचे मुख्य सत्र भारूडालाच द्यावे, असे माझे मत आहे. परंतु महोत्सव महाविद्यालयाच्या आवारात भरणार असेल, तर मी चित्रकथा निवडेन, कारण तिथे विद्यार्थी केवळ श्रोते न राहता स्वतः रेखाटलेले एखादे पान घेऊन बाहेर पडतील.