मॅनेजर ठेवावा की हाकलावा? नॅशनल्स २०१९ विरुद्ध फिलीज २०२२

अमेरिकन बेसबॉल, २०१९: पहिल्या ५० सामन्यांत १९ विजय, ३१ पराभव. तरीही वॉशिंग्टन नॅशनल्सने मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, डेव्ह मार्टिनेझला ठेवलं. पिचिंग (चेंडूफेक) कोच मात्र मे महिन्यातच घरी गेला. खरं दुखणं बुलपेनचं, म्हणजे नंतर येणाऱ्या बदली पिचर्सचं होतं: सुरुवातीचे पिचर शेर्झर, स्ट्रासबर्गने राखलेली आघाडी सातव्या-आठव्या डावात उधळली जायची. त्यात फलंदाज ट्रे टर्नरचं बोट मोडलेलं. तो परतला, फलंदाजी सावरली, पुढे ७४-३८, आणि वर्ल्ड सीरिज, म्हणजे अंतिम मालिकाही जिंकली.

२०२२ मध्ये फिलाडेल्फियाच्या फिलीजने २२-२९ वर मॅनेजर जो जिरार्डीला काढलं. नवा मॅनेजर रॉब थॉमसनच्या हाताखाली ६५-४६, थेट वर्ल्ड सीरिज. तिथे ॲस्ट्रोजकडून हार.

दुखापतींनी घसरण झाली असेल तर थांबावं. संघ धडधाकट असूनही हरत असेल, तर मॅनेजर बदलणंच बरं.