व्हर्टस जीटी की इलेक्ट्रिक? माझं आंबा घाटात ठरलं

वीस लाखाच्या आत दणकून पळणारी पेट्रोल गाडी शोधायला गेलात तर आता हाताच्या बोटावर मोजण्याइतक्याच उरल्यात. फोक्सवॅगनची पोलो 2022 ला बंद झाली, स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस 2025 ला परत आली पण देशभरासाठी 100 च गाड्या आणि किंमत 50 लाखाच्या घरात. त्यात फोक्सवॅगनच्याच व्हर्टस जीटी सेडानच्या 1.5 लिटर मॉडेलवर जीएसटी 40 टक्के आणि इलेक्ट्रिकवर 5, मग लोक तिकडं वळणारच.

मी पण जवळपास वळलोच होतो. मेहुण्याकडं इलेक्ट्रिक एसयूव्ही आहे, सिग्नल सुटल्यावर ती जशी झेपावते तशी माझी व्हर्टस जीटी मॅन्युअल नाही झेपावत, टर्बोचा जोर यायला जरा वेळ लागतोच. रोजचं कोल्हापूर-शिरोली एमआयडीसी एवढंच असेल आणि घरी चार्जर बसत असेल तर सरळ इलेक्ट्रिक घ्या, क्लच दाबून पाय तरी दुखणार नाही.

पण आम्ही मेहुण्याची तीच इलेक्ट्रिक घेऊन गणपतीपुळ्याला गेलो. परत निघताना चार्जरला आधीच दोन गाड्या लागलेल्या, म्हणून बॅटरी 58 टक्क्यांवर असतानाच निघालो. साखरप्याला 34, आणि आंबा घाट चढून वर आलो तर 24. घाटात समोर एसटी, पुढं रस्ता मोकळा दिसतोय, गाडीत ताकद भरपूर आहे, आणि तरी मी पाय दाबत नाही कारण नजर सगळी त्या टक्क्यांवर, पुढं मलकापूरपासून एसी बंद करून साठच्या स्पीडनं घर गाठलं, मागं पोरं घामाघूम. जोरात चालवायला घ्यायची आणि जपून चालवायची, हे मला नाही जमलं.

त्याच घाटात व्हर्टस दुसऱ्यात टाकून वळण काढायचं, तिसरा टाकला की काच खाली असेल तर इंजिनचा आवाज दरडीवर आपटून परत कानात येतो. ॲव्हरेज 9 वर येतं, मान्य, पण वर पंपावर पाच मिनिटात टाकी फुल.

हा माझा अनुभव झाला, तुमच्या रस्त्यावर चार्जर भरपूर असतील तर वेगळं वाटेल कदाचित. फक्त टेस्ट ड्राइव्ह बायपासवर घेऊ नका, चार माणसं आणि बॅगा भरून घाटात न्या, आणि मॅन्युअल मिळत असेल तर तीच मागा.