ग्रीसचं इंजेक्शन: सात महिन्यांनंतरचा हिशोब

काल दुकानात गादीवरून उठताना उजवा गुडघा पुन्हा 'कट्' बोलला, म्हणून हे लिहायला बसलो. परभणीच्या मोंढ्यात तीस वर्षं मुनीमकी केली. मांडी घालून खातेवह्या लिहिता लिहिता दोन्ही गुडघे गेले, झीज तिसऱ्या ग्रेडची. दिवाळीनंतर उजव्यात हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं, म्हणजे सांध्याला वंगण देणाऱ्या औषधाचं, ते एकदाच घ्यायचं 6 मिलीचं इंजेक्शन घेतलं. आमच्याकडं सगळे त्याला ग्रीसचं इंजेक्शन म्हणतात.

पहिला वाद पैशावरून नाही, कोंबड्यावरून झाला. माझ्या गळ्यात माळ. आदल्या रात्री पुतण्या मोबाईलमध्ये बघून म्हणाला, "काका, हे कोंबड्याच्या तुऱ्यातून काढतात." झोपच उडाली. सकाळी डॉक्टरांना विचारलं तर हसले. म्हणाले, काही कंपन्यांचं तुऱ्यातून येतं, काहींचं जिवाणू वाढवून, "दही लागतं तसं समजा." म्हटलं, समजायचं नाही साहेब, लिहिलेलं दाखवा. खोक्यातल्या कागदावर मुंगीएवढी अक्षरं. खिशातलं भिंग काढून शेवटपर्यंत वाचली. माझं जिवाणूवालं निघालं. मागं रांग खोळंबली होती, खोळंबू दे. ज्यांना अंड्याची, कोंबडीची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी तर हे विचारायलाच पाहिजे.

मग पैसे. दवाखान्यातल्या मेडिकलमध्ये 13,500, अगदी छापील किमतीला. तेच खोकं बाजारात होलसेलवाल्याकडं 9,200 ला मिळत होतं. "बाहेरून आणलेलं आम्ही टोचत नाही," इति काउंटर. टोचायचे 1,500 वेगळे. एकूण 15,000, आणि पक्कं बिल तीनदा मागितल्यावर हातात पडलं. ते रिकामं खोकं मी अजून कपाटात ठेवलंय. बायको विचारते, पूजा करायची आहे का?

टोचणं म्हणाल तर पाच मिनिटांचं काम. आधी थोडं पिवळसर पाणी ओढून काढलं, मग ते घट्ट औषध सावकाश आत. दुसऱ्या रात्री गुडघा टम्म सुजला. बर्फाने शेकला, दोन दिवसांत उतरला. ताप आला तर तडक या, असं बजावलं होतं. तेवढं लक्षात ठेवा.

पहिला महिना शून्य. जो भेटेल त्याला सांगत सुटलो, पैसे पाण्यात, नव्हे गुडघ्यात गेले. ते शब्द मागे घेतो. सहाव्या आठवड्यात एकदा जिना उतरून खाली आलो आणि मग लक्षात आलं की कठडा धरलाच नव्हता. नाथषष्ठीला पैठणला गोदावरीच्या घाटावर उतरलो, चढलोही. मांडी मात्र तेव्हाही जमली नाही. पंगतीत स्टुलावर बसून जेवलो. चांगले दिवस धरले 120, म्हणजे दिवसाला 125 रुपये. महाग, पण परवडलं म्हणू.

इथवर खातं जुळत होतं. घोळ डाव्या गुडघ्याने घातला. त्यात काहीच टोचलं नव्हतं, तरी तोही हलका झाला! कारण फिजिओवाल्या ताईंनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबायला आणि पाय ताठ ठेवून उचलायला लावलं होतं, ते मी रोज पहाटे करत होतो. शिवाय रात्रीचा भात सोडून पाच किलो उतरलो. मग 15,000 जमा कुणाच्या नावे धरायचे?

पुतण्याला पुन्हा शोधायला लावलं. 2022 साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात जुन्या चाचण्यांचा आढावा आलाय: खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या इंजेक्शनच्या तुलनेत याचा जादा फायदा इतका थोडा की रुग्णाला जाणवणारही नाही. अमेरिकेतली हाडांच्या डॉक्टरांची संघटनाही म्हणते, सरसकट वापरू नका. हे त्याने आधी का नाही वाचलं? कोंबडा बरा सापडला.

तरी उजव्याला काहीच झालं नाही असं माझ्याच्यानं म्हणवत नाही. गेल्या पंधरवड्यापासून दुखतोय तो उजवाच, डावा गप आहे. आता व्यायामात मीच ढिला पडलो, की औषध उतरलं, कोण सांगणार.

दवाखान्यातून फोन आला होता, "काका, सहा महिने होऊन गेले, दुसरा डोस घ्यायचा ना?" म्हटलं, आषाढी होऊ द्या. टॉवेल पुन्हा काढलाय. दुकानात गादीऐवजी खुर्ची मागितली, तर शेठ म्हणाले, आणा की मुनीमजी, तुमच्या खात्यावर.