पिकअपचे ऑल-टेरेन टायर : आडसालीचा चिखल, ट्रेलरचा भार आणि गळीत हंगामातले रस्ते

आमची उसाची रोपवाटिका हातकणंगले तालुक्यात आहे आणि रोपांचे ट्रे शिरोळपासून राधानगरीपर्यंत पोहोचवण्याचे काम फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप आणि तिच्यामागचा दोन चाकी ट्रेलर करतात. गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस या गाडीला ऑल-टेरेन गटातले, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठी बनवलेले आणि दुकानात ज्यांना एटी म्हणतात ते, पाच नवे टायर घातले. त्यानंतर पावसाळ्यातल्या आडसाली ऊस-लागणीचा चिखल, त्यामागून येणारी पूर्वहंगामी लागण आणि आता कारखान्यांचा गळीत हंगाम असा सगळा काळ हे टायर चालले आहेत. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण एकाच नावाच्या टायरची बांधणी मापागणिक बदलते आणि माझ्या मापावरून दुसऱ्याने नावापुरती खरेदी करावी असे मला वाटत नाही. टायर निवडताना काय पाहिले आणि वापरात त्याचे काय झाले, एवढेच सविस्तर लिहितो.

दुकानात गेल्यावर बहुतेकांचा हात प्रथम नक्षीवर जातो. माझ्या मते सुरुवात भारांकापासून, म्हणजे टायर किती भार पेलतो हे सांगणाऱ्या आकड्यापासून करावी, आणि ज्याच्या गाडीमागे ट्रेलर आहे त्याने तर नक्कीच. माझे माप २४५/७० आर १६ आहे. या मापात १०७ आणि १११ असे दोन्ही भारांक मिळतात आणि दोन्ही टायर शेजारी ठेवले तरी डोळ्यांना फरक दिसत नाही. १०७ म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ९७५ किलो आणि १११ म्हणजे १,०९० किलो. गाडीच्या पुस्तिकेत १११ लिहिलेले असताना मला आधी दाखवलेला टायर १०७ चा होता आणि "चालतंय की, सगळे घालतात" असे त्याचे समर्थनही झाले. त्यामुळे टायर घेण्यापूर्वी मी गाडी भरून, ट्रेलर जोडून वजनकाट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेतली, मग ट्रेलर काट्याबाहेर राहील अशा बेताने गाडीची चारही चाके घेतली. दोन वजनांतला फरक म्हणजे मागच्या ॲक्सलवरचा भार. ओल्या कोकोपीटचे ट्रे दिसायला हलके असले तरी हा भार सुमारे १,७०० किलो निघाला, म्हणजे एका टायरवर ८५० किलो.

आता हा हिशेब पाहा. अमेरिकेत पॅसेंजर गटातला टायर पिकअपला बसवताना त्याची क्षमता १.१० ने भागून धरण्याची पद्धत आहे, कारण मालवाहू गाडीत भार एकसारखा बसत नाही आणि हिसके जास्त बसतात. त्या पद्धतीने १०७ चा टायर ८८६ किलोंवर येतो आणि माझ्याकडे जवळपास काहीच शिल्लक राहत नाही. १११ चा टायर ९९१ किलोंवर येतो आणि थोडी सवड उरते. मात्र ही क्षमता पूर्ण हवेवरच मिळते. साध्या बांधणीच्या टायरला ती साधारण ३६ पीएसआयला मिळते, तर एक्स्ट्रा लोड अर्थात एक्सएल बांधणीच्या टायरला साधारण ४२ लागतात. या मापातला १११ चा टायर एक्सएल असतो. असा टायर घेऊन त्यात तीसच हवा ठेवणाऱ्याने जादा पैसे मोजूनही जादा क्षमता घेतलेली नसते.

एलटी, म्हणजे लाइट ट्रक, शिक्क्याच्या टायरचाही विचार केला होता. त्यांची साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, जाड असते आणि दगडधोंड्यांत ती टिकते, हे खरे आहे. परंतु तोच भार पेलायला एलटी टायरला पॅसेंजर टायरपेक्षा जास्त हवा लागते. लोड रेंज या त्यांच्या भारश्रेणीत सी ला ५०, डी ला ६५ आणि ई ला ८० पीएसआयपर्यंत हवा भरल्यावर त्याची लिहिलेली क्षमता पूर्ण मिळते. रिकाम्या गाडीला एवढी हवा ठेवली तर कोल्हापूर–सांगली रस्त्यावरसुद्धा पाठीचे हाल होतात. शिवाय मला दाखवलेला एलटी टायर २४५/७५ आर १६ होता. त्याचा व्यास मूळ टायरपेक्षा सुमारे २४ मिलिमीटरने, म्हणजे तीन टक्क्यांहून थोडा जास्त. गाडी जमिनीपासून जेमतेम १२ मिलिमीटर उंच होते, स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा खरा वेग ८२–८३ असतो आणि गिअर तेवढेच लांबतात. ट्रेलर घेऊन घाट चढणाऱ्याला हे लांबलेले गिअर परवडत नाहीत, म्हणून मी मूळ मापातच राहिलो आणि १११ चा एक्सएल टायर घेतला.

खरेदीच्या वेळी आणखी दोन गोष्टींचा आग्रह धरला. साईडवॉलवरच्या शेवटच्या चार आकड्यांत उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष असते. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. पाचही टायर एकाच सुमाराचे मिळेपर्यंत मी थांबलो. पाच घेण्याचे कारण फोर-व्हील-ड्राइव्ह हे आहे: पुढच्या-मागच्या टायरचा घेर वेगळा असेल, तर फोर-व्हील लावल्यावर ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर, नाहक ताण येतो, आणि स्टेपनी जुनी गोटा झालेली असेल तर पंक्चरच्या दिवशी नेमके तेच घडते.

चिखलाबाबत जिल्ह्याचे सरळ दोन भाग पडतात. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडच्या तांबड्या मातीत आणि जांभ्याच्या मुरमात हे टायर मन लावून काम करतात. तिथे वरचा थर निसरडा असला तरी खाली टणक असतो; एटी नक्षीच्या कडा तो थर कापून खाली पोहोचतात आणि भर पावसात, भरलेल्या गाडीनेही पाणंद पार होते. शिरोळकडची काळी जमीन ही वेगळी परीक्षा आहे. तिथली चिकण माती पाणी पिऊन फुगते आणि रबराला चिकटून बसते. जुलैतल्या एका खेपेला खाली उतरून पाहिले तेव्हा चारही टायरच्या खाचा काठोकाठ भरल्या होत्या, नक्षीचा मागमूस नव्हता आणि मडगार्डच्या आतही मातीचा थर जमला होता. मी ॲक्सिलरेटर वाढवत होतो, तेवढ्यात शेताचे मालक बांधावरून ओरडले, "पावणं, रेस करू नकासा, आणखी रुतंल!" त्यांचे म्हणणे अगदी खरे होते, कारण एटीच्या खाचा अरुंद असतात आणि चाक जोरात फिरवूनही त्यांतली काळी माती पुरेशी उडून जात नाही, चाक फक्त खाली खणत जाते.

तिथे उपयोगी पडली ती हवा कमी करण्याची रीत. ट्रेलर सोडून, ट्रे उतरवून हवा वीसपर्यंत आणली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो, रुंदी फारशी वाढत नाही, आणि त्या लांबीमुळे गाडी मातीवर तरंगल्यासारखी पुढे सरकते. दुसऱ्या गिअरमध्ये, स्टिअरिंग सरळ ठेवून, आधीच्या ट्रॅक्टरच्या चाकोरीच्या काठाने गेल्यास बहुतेक वेळा सुटका झाली. पंधराच्या खाली मात्र मी कधी गेलो नाही, कारण ट्यूबलेस टायरची कड रिमवरून निसटली तर शेतात ती पुन्हा बसवता येत नाही. डांबरावर येताच बॅटरीवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरने हवा पूर्ववत भरायची, यात टाळाटाळ केलेली मला चालत नाही. कमी हवेत साईडवॉल सतत वाकते, तापते आणि भरल्या गाडीत तो टायर आतून खराब होतो, हे बाहेरून दिसत नसल्यामुळेच अधिक धोक्याचे आहे. ज्याचे सगळे काम काळ्या मातीत आहे त्याने रुंद खाचांचा मड-टेरेन टायर घ्यावा, पण त्याला ओल्या डांबरावर कमी पकड आणि चाकांचा घोंघाट सोसावा लागेल.

ट्रेलर ओढताना टायरबरोबर भाराची मांडणीही पाहावी लागते. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग हूकवर यावा, असा सर्वसाधारण नियम आहे. हूक मागच्या ॲक्सलच्या मागे असल्यामुळे त्या ॲक्सलवर हूकवरच्या वजनापेक्षाही जास्त भार येतो आणि पुढची चाके तेवढीच हलकी होतात. मागे ट्रे जास्त रचले गेले आणि हूकवर वजन कमी पडले, तर ट्रेलर शेपटी हलवू लागतो आणि कोणताही टायर ते थांबवू शकत नाही. माझ्या आधीच्या हायवे टायरच्या साईडवॉल मऊ होत्या आणि ट्रेलर डुलला की गाडीची मागची बाजूही क्षणभर डुलायची. एक्सएल बांधणीत हे लक्षात येण्याइतके कमी झाले आहे. फोंडा आणि करूळ घाट उतरताना मी चढणीचाच गिअर ठेवतो आणि खाली पोहोचल्यावर टायरला हात लावून पाहतो. चारही सारखे कोमट असतील तर ठीक, एखादाच तापला असेल तर त्याची हवा तपासायची.

हिवाळ्याबद्दल दुकानात बरेच काही सांगितले जाते, म्हणून त्यावर थोडे स्पष्ट लिहितो. टायरवरची एम अधिक एस ही खूण मड अँड स्नोची असून ती नक्षीच्या रचनेवरून कंपनी स्वतःच लावते, तिच्यामागे बर्फावरची चाचणी असतेच असे नाही. तीन शिखरांच्या आत हिमकण असलेली खूण मात्र ठरलेल्या बर्फ-चाचणीत उतरल्यावरच मिळते, आणि बीएफगुडरिचच्या ऑल-टेरेन केओ२ सारख्या काही एटी टायरवर ती असते. जर्मनीत २०१८ पासून बनणाऱ्या हिवाळी टायरला हीच खूण लागते. खास हिवाळी टायरचे रबर सात अंश सेल्सिअसच्या खालीही मऊ राहावे म्हणून वेगळे बनवलेले असते. आपल्याकडे डिसेंबरातल्या पहाटेसुद्धा पारा एवढा खाली जात नाही आणि असे मऊ रबर आपल्या एप्रिल-मेच्या डांबरावर झपाट्याने झिजेल. दरवर्षी हिमाचल-लडाखला जाणाऱ्याने या खुणेसाठी पैसे द्यावेत, एरवी ती निवडीत धरू नये.

कोल्हापूरचा हिवाळा टायरला वेगळ्या वाटेने त्रास देतो. गळीत हंगामात रस्त्यावर ट्रॉल्यांमधून पडलेले ऊस, वाढे, चाकांना लागून आलेली शेतातली ढेकळे यांचा चेंदामेंदा होतो आणि पहाटेच्या दवात त्याचा बुळबुळीत थर बनतो. पंचगंगेकाठी धुके असेल तर तो दिसतही नाही. या थरावर नवा एटी टायर आधीच्या झिजलेल्या टायरपेक्षा निश्चित सरस आहे, तरी ट्रेलर असताना मी तिथे चाळीसच्या वर जात नाही. दुसरी गोष्ट हवेची. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की साधारण एक पीएसआय कमी होतो, म्हणजे मेच्या दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे गळती नसतानाही चार पीएसआयने कमी भरते. म्हणून महिन्यातून दोनदा, गाडी हलवण्यापूर्वी, गार टायरची हवा मी स्वतःच्या गेजने पाहतो.

तोडणी झालेल्या रानात गाडी घालणाऱ्यांनी बुडख्यांपासून सावध राहावे. कोयत्याने तिरका तुटलेला वाळका बुडखा एखाद्या खुंटीइतका टणक असतो आणि नेमका साईडवॉलला लागतो. आमच्या मागच्या डाव्या टायरला असाच बोटभर ओरखडा पडला, पण आतले धागे उघडे पडले नाहीत. साईडवॉल फाटली असती तर वात घालून भागले नसते, टायरच बदलावा लागला असता. रानात वळताना चाक सरीला आडवे न घालता उभे घालावे, त्यामुळे बुडखे नक्षीखाली येतात.

कमतरताही आहेत. आवाज साठच्या पुढे जाणवतो, गाडी लिटरमागे साधारण किलोमीटरभर कमी धावते आणि ओल्या सिमेंट रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी जुन्या हायवे टायर नवे असताना थांबायची त्यापेक्षा थोडी पुढे जाऊन थांबते. झीज आतापर्यंत समान आहे, कारण मागची चाके भाराने लवकर झिजू लागली की अदलाबदल करून अलाईनमेंट पाहून घेतो. खाचांच्या तळातल्या खुणा १.६ मिलिमीटर दाखवतात, पण चिखलासाठी तितकी वाट पाहणे योग्य नाही. नक्षी चार मिलिमीटरवर आली की पुढच्या आडसालीच्या आधीच हे टायर मी गावातल्या फेऱ्यांच्या छोट्या गाडीमागच्या पाण्याच्या टाकीच्या ट्रेलरला लावणार आहे, कारण त्याचे रिम याच मापाचे आहेत आणि त्याला चिखलात जावे लागत नाही.