मेंदूला व्यायाम देणारी अ‍ॅप्स: गणपतीपासून शिमग्यापर्यंत वापरून बनलेलं मत

गौरी-गणपतीच्या आधी ही अ‍ॅप्स घरात आली, आता शिमगा होऊन गेला. वापरणारे आम्ही तिघं: शिष्यवृत्तीला बसलेला पाचवीतला मुलगा, मी, आणि मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानावर दिवाणजी म्हणून उभी हयात काढलेले आमचे मामंजी. माझं मत आधीच सांगते. ज्या अ‍ॅपमुळं डोक्यात काही नवीन शिरलं आणि टिकलं, ते ठेवण्यासारखं. ज्यानं नुसता स्वतःचा स्कोअर वाढवून दाखवला, ते काढून टाकलं तरी काही अडत नाही.

दुसऱ्या प्रकारातलं एक आम्ही दिवाळीपर्यंत नेमानं वापरलं. रोज चार-पाच छोटे खेळ असायचे. पक्ष्यांचा थवा येतो, मधल्या पक्ष्याची चोच जिकडे असेल तिकडे पटकन बोट सरकवायचं. मुलगा त्यात इतका तरबेज झाला की मला त्याचं बोट दिसेना. स्कोअरचा आलेख चढत होता, शाबासकी मिळत होती. पण शिष्यवृत्तीच्या सराव पेपरात संख्यामालिका आली की गाडी होती तिथंच अडायची. या परीक्षेच्या एका पेपरात 90 मिनिटांत 75 प्रश्न असतात, त्यातले 50 बुद्धिमत्ता चाचणीचे. बोटाचा वेग तिथं कामाला येत नाही, मालिकेतली मेख सापडावी लागते.

असं का होतं, ते मी मुद्दाम वाचलं. 2010 साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. 11,430 माणसांनी सहा आठवडे असे खेळ खेळले. खेळलेल्या खेळांत ते सुधारले, पण त्या खेळांशी मिळत्याजुळत्या इतर चाचण्यांतसुद्धा फरक पडला नाही. पुढं जानेवारी 2016 मध्ये 'ल्युमॉसिटी' या असल्याच खेळांच्या अ‍ॅपच्या कंपनीनं फसव्या जाहिरातीच्या आरोपावरून, ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेला 20 लाख डॉलर देऊन तडजोड केली. शाळेत, नोकरीत कामगिरी सुधारते आणि म्हातारपणीचा विसराळूपणा लांबतो, या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता, असं कमिशनचं म्हणणं होतं. जाहिरातीत 'बुद्ध्यांक वाढवा' असं दिसलं की माझा हात आता तिथंच थांबतो. आमच्या त्या अ‍ॅपनं तर फुकटची मुदत संपायच्या आत बंद करूनही वर्षाचे पैसे कापले. परत मिळाले, पण ईमेलवर ईमेल पाठवून.

आता जे ठेवलं त्याबद्दल. 'अँकीड्रॉइड' हे दिसायला अगदी रुक्ष अ‍ॅप आहे. चित्रं नाहीत, टाळ्या नाहीत, नाणी नाहीत. कार्डाच्या पुढं प्रश्न, मागं उत्तर. आलं म्हणालात तर ते कार्ड काही दिवसांनी येतं, मग काही आठवड्यांनी, मग महिन्यांनी. नाही आलं तर थोड्या मिनिटांत परत समोर. पाठ केलेलं कसं विसरत जातं, हे हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. विसरायच्या बेताला आलेली गोष्ट नेमकी तेव्हाच विचारायची, हे या अ‍ॅपचं सगळं काम. फुकट आहे, जाहिराती नाहीत, नेट नसलं तरी चालतं.

यात मजा आणली ती मामंजींनी. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच पटीचे जुने पाढे, सगळे तोंडपाठ. कार्डात आवाज भरता येतो हे कळल्यावर मी फोन त्यांच्यासमोर धरला. पुढच्या बाजूला '36 ची पाऊणकी', मागच्या बाजूला मामंजींचा खणखणीत आवाज: "सत्तावीस!" '16 ची सवायकी', "वीस!" '24 ची अडीचकी', "साठ! एवढं बी येईना व्हय रे?" हे शेवटचं मी पुसायला गेले तर मुलगा म्हणाला, राहू दे, आबांचं ते ऐकायलाच मजा येते.

आणि एके दिवशी शेकडेवारीचं उदाहरण सोडवताना तो मध्येच थांबला. "आई, 75 टक्के म्हणजे पाऊणकीच की! आणि 25 टक्के म्हणजे पावकी. 125 टक्के म्हणजे आबांची सवायकी." कुणी सांगितलं नव्हतं. पाठ असलेलं आणि शाळेत शिकवलेलं त्याच्या डोक्यात आपोआप जुळलं. त्या क्षणासाठी मी या अ‍ॅपला पाचपैकी पाच देते.

त्रास आहे तो एवढाच की सुट्टी पडली की कार्डं साचतात. दिवाळीत कागलला आजोळी जाऊन आलो तर ढीग लागला होता. सेटिंगमध्ये रोजची मर्यादा घालता येते, ती घालाच. नवीन कार्डं रोज वीस येतात, मुलांसाठी ती कमी करा. आणि कार्डं आपली आपण बनवा. आयती उतरवलेली आमच्याकडं दोन दिवसांत मागं पडली.

बुद्धिबळासाठी 'लिचेस'. शेजारच्या सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात, तरी आमच्या घरात पट कधी उघडला नव्हता. थिबो दुप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरनं 2010 मध्ये सुरू केलेलं हे देणग्यांवर चालतं, सगळं फुकट आहे. मला आवडली ती त्यातली कोडी. घोड्यानं राजाला शह द्यायचा आणि त्याच उडीत वजीरही मारात घ्यायचा, अशा एकाच प्रकारची कोडी निवडून सोडवता येतात. डाव संपला की कुठं चुकलं ते दाखवतं आणि तिथून पुन्हा खेळायला लावतं. मुलगा आता खेळी करण्याआधी पुटपुटतो, "मी हे केलं तर तो काय करंल?" हा थांबून बघायचा गुण मला पक्ष्यांच्या चोचीत कधी दिसला नव्हता. लहान मुलांसाठीची सोय चालू केली की अनोळखी लोकांशी गप्पा बंद होतात, ते पहिल्या दिवशीच करा. डाव पंधरा मिनिटांचे ठेवा. एक-दोन मिनिटांच्या डावांत नुसती झटापट होते.

सुडोकूचं अ‍ॅप मामंजींनी दोन दिवसांत ठेवून दिलं. त्यांना पेपरातलंच बरं वाटतं, पेन्सिलीनं.

आमचा पाढ्यांचा गठ्ठा गल्लीत बऱ्याच घरी व्हॉट्सअ‍ॅपवर गेला आहे. अँकीड्रॉइडमधून अख्खा गठ्ठा आवाजासकट एका फाइलमध्ये बाहेर काढता येतो, समोरच्यानं ती उघडली की झालं. आयफोनवाल्यांनी मात्र लक्षात ठेवा: तिथलं अँकी विकत घ्यावं लागतं. पैसे घालायचे नसतील तर ब्राउझरमध्ये अँकीवेब ही अँकीची वेबसाइट फुकट चालते.