पीव्हीमूव्हने १८ टीबी डेटा हलवल्यानंतरचे सहा महिने

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्याचा ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन, हिशेब सांभाळणारी प्रणाली) डेटाबेस आणि डिझाइन विभागाच्या फाइली असलेले १८ टीबीचे व्हॉल्यूम मे महिन्यात आम्ही जुन्या स्टोरेजवरून नव्या ऑल-फ्लॅश स्टोरेजवर हलवले. दोन्ही यंत्रे वेगळ्या कंपन्यांची असल्याने त्यांच्यात थेट रेप्लिकेशन (एका यंत्राने स्वतःच दुसऱ्यावर प्रत बनवणे) होत नव्हते, म्हणून लिनक्सच्या एलव्हीएम या डिस्कची जागा सांभाळणाऱ्या प्रणालीतील पीव्हीमूव्ह, म्हणजे काम चालू असतानाच डेटा एका डिस्कवरून दुसरीवर नेणारी आज्ञा, वापरली. स्थलांतरासाठी ईआरपी मुद्दाम बंद ठेवावा लागला नाही आणि तिन्ही शिफ्ट चालू राहिल्या, एवढ्यासाठीच मी पुन्हा हाच मार्ग निवडेन.

सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या ८ गिगाबिटच्या फायबर चॅनलवरून सेकंदाला साधारण ८०० एमबी जातात, म्हणजे हिशेबाने सव्वासहा तास पुरायला हवे होते. पण जुन्या फिरत्या डिस्कना रोजचे काम सांभाळून वाचन करावे लागत असल्याने तीन रात्री गेल्या. दुसऱ्या रात्री वळवाच्या पावसात वीज गेली, यूपीएसनेही दगा दिला आणि सर्व्हर बंद पडला. माझ्या पोटात गोळा आला होता. सर्व्हर चालू झाल्यावर मात्र काम शेवटच्या नोंदलेल्या टप्प्यापासून पुढे सुरू झाले, कारण एखाद्या भागाची नक्कल पूर्ण झाल्यावरच एलव्हीएम त्याची नोंद नव्या डिस्कच्या नावावर करते.

खरा मनस्ताप झोनिंगने, म्हणजे कोणता सर्व्हर कोणत्या स्टोरेजशी बोलू शकेल हे स्विचवर ठरवण्याच्या कामाने, दिला. एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग सांभाळणाऱ्या मल्टिपाथच्या यादीत चारऐवजी दोनच मार्ग दिसत होते आणि तेही एकाच स्विचवरचे. दुसऱ्या स्विचवर सर्व्हरच्या पोर्टचा सोळा अंकी डब्ल्यूडब्ल्यूपीएन (पोर्टचा ओळख क्रमांक) भरताना शेवटून तिसरा अंक चुकला होता. डेटा सुरळीत वाहत असल्याने ही चूक सहज लपून राहिली असती. त्यामुळे चारही मार्ग दिसल्यावर एकेका स्विचची केबल काढून पाहावी आणि मगच नक्कल सुरू करावी, असा माझा आग्रह आहे.

दुसरी गोष्ट पुरवठादाराच्या अभियंत्याने आधी सांगायला हवी होती. फाइली ११ टीबीच्या असूनही नवे थिन व्हॉल्यूम (लिहिले जाईल तेवढीच जागा घेणारे) जवळपास पूर्ण भरलेले दिसू लागले, कारण पीव्हीमूव्हला फाइल सिस्टिम कळत नाही आणि पुसलेल्या फाइलींचे ब्लॉकही ते नव्या यंत्रावर लिहिते. रिकामे झालेले ब्लॉक स्टोरेजला कळवणारे एफएसट्रिम चालवल्यावर साडेसहा टीबी जागा सुटली. आता ते दर आठवड्याला आपोआप चालते.

जुने यंत्र जवळ आहे म्हणजे मागे फिरता येईल, हा समज मात्र सोडावा. भाग हलला की त्याची जुनी प्रत त्याच क्षणापासून शिळी होते. आम्ही आदल्या दिवशीचा बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर प्रत्यक्ष उतरवून डेटाबेस उघडून पाहिला होता, म्हणूनच वीज गेली त्या रात्री निदान हात थरथरले नाहीत. जुने लन (स्टोरेजने सर्व्हरला दिलेल्या डिस्क) काढतानाही व्हीजीरिड्यूस (डिस्क एलव्हीएमच्या गटातून काढणे), पीव्हीरिमूव्ह (तिच्यावरची एलव्हीएमची खूण पुसणे), मग मल्टिपाथमधून डिस्क काढणे आणि शेवटी स्टोरेजवरचे मॅपिंग तोडणे, हाच क्रम आम्ही पाळला.