व्यसनाचा अभ्यास: आधी प्रश्नावली शिकावी की मुलाखत?

नाशिकमध्ये दारूच्या व्यसनावर प्रबंध करायचाय? जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ प्रश्नावलीत 10 प्रश्न असतात, गुण 0 ते 40. 8 किंवा त्याहून जास्त आले की पिणं धोक्याचं मानतात. सातपूर-अंबड या औद्योगिक वसाहतींतल्या शेकडो कामगारांची पाहणी तिनेच जमेल. पण प्रश्नावली ‘ड्रिंक’ किती ते विचारते आणि आपल्याकडे माणूस ‘क्वार्टर’, म्हणजे 180 मिलीची बाटली सांगतो. 42.8 टक्के अल्कोहोलच्या दारूच्या 180 मिलीत साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे एका ड्रिंकला 10 ग्रॅम या हिशेबाने 6 ड्रिंक! हे उमजलं नाही तर सगळे आकडे चुकतात.

मुलाखतीला वेळ फार लागतो, टक्केवारीही निघत नाही. तरी पगाराचा दिवस, नाइट शिफ्ट, उधारी तिथेच कळते. एकांत मात्र हवाच. बायकोसमोर कोण खरं बोलेल? माझं मत स्पष्ट आहे: आधी मुलाखत शिका.